नासासंधानातील द्रव्यविचार : पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेच्या वृत्तान्ताचे परीक्षण

नाक हा चेहऱ्याचा एक अवयव असला, तरी मराठी भाषेने त्याला अब्रूचे स्थान दिले आहे. नाक कापले जाणे म्हणजे चारचौघांत मान खाली घालण्याची पाळी येणे. आणि एके काळी नाक कापणे ही प्रत्यक्षात दिली जाणारी शिक्षाही होती. तुटलेले नाक पुन्हा उभे करण्याची विद्या या देशात फार पूर्वी उदयास आली, यात म्हणूनच नवल नाही. मात्र या विद्येच्या इतिहासाला आज एका निराळ्या वादात साक्षीसाठी उभे केले जाते. खचलेल्या नाकाला आधार देण्यासाठी रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातील कूर्चा घ्यावी, की सिलिकोनसारखे कृत्रिम द्रव्य बसवावे, हा तो वाद होय. स्वदेहातील ऊतकाचा पुरस्कार करताना सुश्रुताचा आणि पुण्याजवळ १८व्या शतकाच्या अखेरीस झालेल्या शस्त्रक्रियेचा दाखला दिला जातो. हा दाखला वादाच्या मूळ प्रश्नाला लागू पडतो काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पुण्याजवळच्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये पत्ररूपाने प्रसिद्ध झाला. कावसजी नावाचा, शेतकरी जातीचा एक मराठा, १७९२च्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. हा कारागीर विटा करणाऱ्या जातीचा होता, एवढेच पत्रलेखक सांगतो. त्यास सर्रास ‘कुंभार’ म्हटले जाते. परंतु तो मूळ शब्दाचा लावलेला अर्थ आहे. रुग्णाचे नाव, चित्रकार जेम्स वेल्स याचे नाव आणि मुंबई इलाख्यातील साक्षीदार डॉक्टरांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. ज्याच्या हातून ही कृती झाली त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

कृतीचे वर्णन बरेच नेमके आहे. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक प्रथम थोटकावर बसवून पाहावयाचे, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या मापाचा त्वचेचा पदर सोडवून घेताना दोन्ही भुवयांमध्ये एक अरुंद देठ अखंड राखावयाचा, कारण त्यातूनच पदराला रक्त पोचते. थोटकाच्या कडा ताज्या करून, पदर अर्धा पीळ देऊन खाली आणावयाचा आणि कापलेल्या खाचेत बसवावयाचा. त्यावर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजविलेले कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ चिंध्या, आणि सुमारे २५व्या दिवशी देठाचा छेद, असा हा क्रम आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १६व्या अध्यायात सांगितलेली कृती हीच होय, असे समजण्याचा प्रघात आहे. तो तपासून घेतला पाहिजे. दोन्हींचे तत्त्व एकच आहे : जिवंत त्वचा मूळ जागेपासून एकदम न तोडता ती नव्या जागी रुजवावयाची. सुश्रुताचे माप पानाचे आहे आणि त्वचा गालाची आहे. पुण्याच्या कारागिराचे माप मेणाचे आणि त्वचा कपाळाची आहे. गालाकडून कपाळाकडे हा बदल केव्हा व कोणी केला, हे या दोन लेखांवरून ठरत नाही. सुश्रुताने श्वासासाठी दोन नळ्या बसविण्यास सांगितले आहे, ही बाब प्रस्तुत वादात विशेष महत्त्वाची आहे. या नळ्या म्हणजे परके द्रव्यच होय. त्यांचे काम जागा राखण्याचे आहे. नाकाचा कायमचा घटक होण्याचे नाही.

आता वृत्तान्त ज्याविषयी मौन पाळतो तिकडे वळावयास हवे. शरीराच्या दृष्टीने नाकाचे तीन थर आहेत : बाहेरची त्वचा, आतले अस्तर आणि मधला हाडाकूर्चेचा सांगाडा. पुण्याच्या कृतीत फक्त पहिला थर पुरविलेला दिसतो. अस्तराचा उल्लेख नाही, सांगाड्याचाही नाही. अस्तर नसलेला पदर कालांतराने आकसतो, हा अनुभव पुढील काळातील शस्त्रवैद्यांना आला आणि अस्तराची तजवीज करणे भाग पडले. वेल्सने कावसजीचे चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले. म्हणजे यशाचा पुरावा आहे तो दहा महिन्यांपुरता. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये ही पद्धत यशस्वीपणे योजून १८१६ मध्ये तिचे विवरण प्रसिद्ध केले, यावरून तिची थोरवी सिद्ध होते. परंतु सांगाड्यासाठी कोणते द्रव्य वापरावे, या प्रश्नावर पुण्याचा वृत्तान्त साक्ष देऊ शकत नाही. कारण तो प्रश्न तेथे उपस्थितच झालेला नव्हता.

सांगाड्याचा प्रश्न युरोपात पुढे आला आणि त्याबरोबर परकी द्रव्येही आली. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅराफिन टोचून नाकाचा कणा उंच करण्याची प्रथा पडली. तात्काळ दिसणारे रूप मोहक होते. नंतर उद्भवलेल्या गाठींमुळे ती सोडावी लागली. त्यानंतरच्या द्रव्यांत सिलिकोन प्रमुख आहे. ते विरत नाही, वाकत नाही, हवे तसे कोरता येते आणि त्यासाठी शरीरावर दुसरी जखम करावी लागत नाही. पूर्व आशियात त्याचा प्रसार मोठा आहे आणि अनेकांना ते वर्षानुवर्षे सोसते. मात्र शरीर त्याला आपले म्हणत नाही, त्याभोवती वेष्टन तयार करून वेगळे ठेवते. त्वचा पातळ वा ताणलेली असेल तर ते पुष्कळ वर्षांनीही बाहेर डोकावू शकते, आणि जंतुसंसर्ग झाल्यास बहुधा काढावेच लागते. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये ऊतक शिरते, म्हणून ते स्थिर राहते. पण त्याच कारणाने ते काढणे कठीण होते.

स्वदेहातील कूर्चाही निर्दोष नाही. नाकाच्या मधल्या पडद्यातील कूर्चा उत्तम, पण थोडी असते. कानाची कूर्चा मुळातच वळलेली असते. बरगडीची कूर्चा विपुल मिळते. परंतु छातीवर जखम होते, उतारवयात ती कठीण बनते आणि कोरल्यावर तिला बाक येतो. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये या बाकाचे कारण कूर्चेतील अंतर्गत ताणांच्या असमतोलात दाखवून समतोल छेदाचे तत्त्व मांडले. ‘नैसर्गिक’ या शब्दाने हा दोष नाहीसा होत नाही. तो कौशल्याने आटोक्यात येतो.

कुष्ठरोगाने खचलेले नाक हा विचार अधिक स्पष्ट करते. तेथे बाहेरची त्वचा पुष्कळदा शाबूत असते. नष्ट होतात ते अस्तर आणि पडदा. अशा नाकात अस्तर न घालता आधार बसविला, मग तो सिलिकोनचा असो वा हाडाचा, तर तो टिकण्याची आशा थोडी. म्हणून गिलीज यांच्या पद्धतीत आधी आतून त्वचेचे अस्तर लावावयाचे आणि मग आधाराचा विचार करावयाचा, असा क्रम आहे.

या विवेचनाचे व्यावहारिक मोल अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) प्रदेशात कळून येते. लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि शस्त्रवैद्यकाचे शिक्षण खेड्याजवळ आले. तरीही पाथर्डी वा जामखेड तालुक्यातून ऊसतोडणीसाठी वर्षातील कित्येक महिने परमुलखात जाणाऱ्या मजुराचा विचार निराळा करावा लागतो. कृत्रिम द्रव्य बसविणे म्हणजे आयुष्यभर त्यावर लक्ष ठेवण्याचा करार होय. नाक लाल झाले, दुखू लागले, तर लागलीच डॉक्टर गाठणे त्याला फडावरून जमेलच असे नाही. बरगडीच्या कूर्चेची किंमत वेदना, दीर्घ शस्त्रक्रिया आणि निष्णात हात या रूपाने बव्हंशी एकदाच मोजावी लागते. अशा रुग्णाच्या बाबतीत पारडे स्वदेहातील ऊतकाकडे झुकते. जाड व निरोगी त्वचेचा, दवाखान्याजवळ राहणारा, छातीवरील जखम नको असलेला रुग्ण समजून उमजून सिलिकोन निवडील, तर त्यास चूक म्हणता येणार नाही.

तेव्हा परंपरेचा दाखला द्यावयाचा असेल, तर तो तिच्या खऱ्या शिकवणीसाठी द्यावा. आवरण आणि अस्तर जिवंत असले पाहिजे, हा तिचा अढळ सिद्धान्त आहे. आधाराचे द्रव्य कोणते, हे त्या दोहोंची अवस्था आणि रुग्णाचे जीवनमान पाहून ठरवावयाचे असते. पुण्याच्या त्या अनाम कारागिराने कपाळावर रेघ ओढण्यापूर्वी मेणाचा पत्रा समोरच्याच माणसाच्या थोटकावर बसवून पाहिला होता. माप रुग्णावरून घ्यावयाचे, ही त्याची रीत द्रव्याच्या निवडीलाही लागू आहे.