श्यामला उशीर झाला

आमच्या पिढीत 'श्यामची आई' ठाऊक नाही असे बेने इस्राएल घर विरळाच. कोणी ते मराठी शाळेत वाचले, कोणी आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहून पदर ओला केला. मातृप्रेमाचे आणि संस्कारांचे पुस्तक अशी त्याची ख्याती आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आम्हांला त्याचे मर्म शेवटच्या दोन-तीन रात्रींत दिसते.

श्याम शिक्षणासाठी दूर असतो. आई कोकणात अंथरुणाला खिळलेली. तो घरी पोहोचतो तेव्हा आईची राख झालेली असते. शेवटचा शब्द नाही, हातून घोटभर पाणी नाही. वाचकहो, मुंबईहून तार आली आणि विमानाचे तिकीट हाती पडेपर्यंत तिकडे दफन उरकले, असे आपल्यापैकी किती घरांत घडले! श्यामच्या दुःखाची ही बाजू आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. सोळा वर्षे साठलेले पाच दिवसांत बाहेर आले. श्याम म्हणजे बहुतांशी गुरुजीच. तरी पुस्तकातला श्याम हे एक पात्रही आहे, आणि त्या पात्राला स्वतःची अशी निराळी ओळखच नाही. आश्रमातल्या मित्रांना तो बेचाळीस रात्री आईच सांगत राहतो. पोहायला घाबरणाऱ्या मुलाला मारून विहिरीकडे पिटाळणारी आई, कर्जाने घर बुडत असताना ताठ राहणारी आई. आपण कोण हे सांगायचे, तर त्याला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. आई जाताना तो जवळ असता, तर इतके सांगावेसे वाटले असते का, अशी आम्हांला शंका आहे.

याच्या उलट भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३). पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण देवीने जाते. (१९८० साली जगातून देवी हटल्याचे जाहीर झाले, आमच्या दंडांवर टोचल्याचे वण तेवढे राहिले.) पांडुरंगाभोवती मित्र आहेत, पण हे ऐकणारा कोणी नाही. त्याचे दुःख संतापात आणि टवाळीत फुटते, आणि तो स्वतःलाच परका होतो. आपल्याकडे शिवाच्या सात दिवसांत माणसे येऊन बसतात, गेलेल्याविषयी बोलू देतात. श्यामला तसे बेचाळीस दिवस मिळाले, पांडुरंगाला एकही नाही.

श्यामच्या ओढीने एक नुकसान मात्र केले आहे. त्याची आई सदैव काही शिकवतानाच दिसते. नुसती कंटाळलेली, रुसलेली, स्वतःसाठी काही मागणारी बाई फारशी दिसत नाही. दूर असलेल्या मुलाला आई अशीच आठवते, हे आम्ही जाणतो. पण आजारपणात उशाशी सखूमावशी होती. आम्ही जन्मभर रुग्णांची कूस पालटली, म्हणून आमचे लक्ष तिच्याकडे जाते. रात्री जागून जी बाई तिने पाहिली, ती श्यामच्या आईपेक्षा थोडी वेगळीच असणार. त्या मावशीला गुरुजींनी एक तरी रात्र द्यायला हवी होती.