दिसणे आणि कळणे : संगणकीय चावडीच्या मराठीचे एक परीक्षण

‘पारदर्शक कारभार’ हा शब्दप्रयोग आज इतका रुळला आहे की, त्यात एक रूपक दडलेले आहे याचे आपणांस भान राहत नाही. काच पारदर्शक असते. तिच्यापलीकडची वस्तू पाहण्यास डोळ्यांखेरीज दुसरी कसलीही तयारी लागत नाही. शासनाचा कारभार मात्र वस्तूंनी नव्हे, तर वाक्यांनी चालतो. आदेश, नोंद, नोटीस, ठराव ही सर्व भाषिक कृत्ये होत. वाक्य दिसणे आणि वाक्य कळणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि पहिली घडली म्हणजे दुसरी आपोआप घडते असे मानणे ही चूक आहे. मराठीतील उघडेपणाचे जुने शब्द याबाबतीत अधिक सावध होते. दवंडी, चारचौघे, चव्हाटा, चावडी हे शब्द पाहावेत. त्यांचा संबंध निव्वळ दृष्टीशी नाही. तो ऐकण्याशी आणि माणसे एकत्र येण्याशी आहे.

संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने लोकशाही बळकट होईल, नागरिकांचा सहभाग वाढेल, असे गेली काही वर्षे सातत्याने सांगितले जात आहे. हे म्हणणे पोकळ आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. परंतु त्याची परीक्षा यंत्रज्ञांनी आणि प्रशासकांनी केली; भाषेच्या अभ्यासकांनी ती फारशी केलेली नाही. ती करण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

परीक्षेसाठी एक ठोस उदाहरण घेऊ. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० अन्वये जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद फेरफार नोंदवहीत केल्यावर तिची प्रत चावडीत ठळक जागी लावणे व हितसंबंधितांना लेखी कळविणे ही तलाठ्याची जबाबदारी आहे. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. त्यानंतर नोंद प्रमाणित होते. आता अशा नोटिसा ‘आपली चावडी’ या नावाने संगणकावरही प्रसिद्ध होतात. १ मे २०१८ पासून सातबाराचा उतारा संगणकीय स्वाक्षरीसह मिळू लागला. आता या व्यवस्थेचा एक काल्पनिक वाचक मनासमोर आणावा. लग्नानंतर दूरच्या शहरात राहणारी, वडिलांच्या निधनानंतर ज्यांच्या जमिनीत वाटा आहे अशी एक कन्या. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि संपूर्ण देशात हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ अन्वये मुलीला जन्मतः सहदायिकाचा हक्क मिळाला. परंतु वारसनोंदीत तिचे नाव आले आहे किंवा कसे, आणि हक्कसोडीच्या नोंदीने ते कमी तर झाले नाही ना, हे तिला कळायचे कोठून? गावच्या चावडीत ती कधी जात नव्हती. त्या भिंतीवरचा कागद तिच्यासाठी असून नसल्यासारखाच होता. संगणकीय चावडीचे खरे समर्थन ही वाचक आहे. म्हणूनच या व्यवस्थेचे मोजमापही तिच्याच अनुभवाने झाले पाहिजे. तिला मजकूर सापडतो काय, कळतो काय, आणि मुदतीच्या आत त्याला उत्तर देता येते काय, असे हे तीन प्रश्न आहेत.

प्रथम सापडण्याचा प्रश्न. यंत्र जेथे केवळ अक्षरांची जुळणी करून शोध घेते, तेथे मराठीच्या रचनेशी त्याची गाठ पडते. इंग्रजीत नामापुढे शब्दयोगी अव्यय आले तरी नामाचे रूप सहसा पालटत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘शाळा’ या शब्दाने शोध घेणाऱ्यास ‘शाळेच्या इमारतीसाठी’ हा मजकूर सापडणार नाही. ‘रस्ता’ म्हटल्याने ‘रस्त्याचे खडीकरण’ हाती लागणार नाही. ‘पाणी’ म्हटल्याने ‘पाण्याची टाकी’ नाही, आणि ‘विहीर’ म्हटल्याने ‘विहिरीची दुरुस्ती’ नाही. शेवटच्या उदाहरणात तर प्रत्ययापूर्वी दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो, एवढ्यानेच यंत्राची वाट चुकते. ही उदाहरणे मुद्दाम हुडकून काढलेली नाहीत. शाळा, रस्ता, पाणी आणि विहीर या चार शब्दांत गावाच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग सामावतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात सामान्यरूपाचे सविस्तर विवेचन आहे. शंभराहून अधिक वर्षे व्याकरणाच्या पोथीत असलेले हे ज्ञान शोधयंत्रात उतरविणे अशक्य नाही. मात्र ते उतरविण्याची गरज आहे हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

याहून सूक्ष्म अडचण लिपीची आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र संगणकाच्या युनिकोड संकेतात दोन वेगळ्या क्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न अक्षरमाला असतात. टंकलेखकाने रफार देऊन ‘शेतकर्यांना’ असे चुकीचे लिहिले, म्हणजे तिसरी भर पडते. जे जुने मजकूर युनिकोडपूर्व टंकांत आहेत, किंवा ज्या कागदांची केवळ छायाचित्रे चढविली आहेत, त्यांत तर शोध घेणेच खुंटते. कागद जगासमोर आहे, तरी तो कोणाला सापडत नाही. शेतकऱ्यांचे नाव असलेला आदेश ‘शेतकरी’ या शब्दाच्या एका अर्ध्या अक्षरामुळे दृष्टीआड राहावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. व्यक्तिनामांची स्थिती याहून बिकट आहे. कुलकर्णी आणि कुळकर्णी, पाटील आणि पाटिल ही दोन्ही लेखने प्रचारात आहेत, आणि नोंदीत कोणते पडेल हे त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

दुसरा प्रश्न कळण्याचा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी असे सांगितले असून, त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमात प्रसिद्धी करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी असे म्हटले आहे. मराठीत लिहिले म्हणजे या अटीची पूर्तता झाली, असे आपण समजतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आणि त्याआधी १९६२ साली निघालेला पदनाम कोश यांच्या काळात वाद इंग्रजी की मराठी असा होता, आणि तो त्या काळाला उचितच होता. आजचा प्रश्न कोणती मराठी, असा आहे.

शासकीय गद्याचा नमुना म्हणून पुढील वाक्य पाहावे. ते प्रस्तुत लेखकाने रचलेले आहे. पण अशी वाक्ये ज्यांच्या वाचनात आहेत त्यांना ते परके वाटणार नाही : ‘संदर्भाधीन प्रस्तावास अटींच्या अधीन राहून मान्यता प्रदान करण्यात येत असून, विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास सदर मान्यता व्यपगत झाल्याचे समजण्यात येईल.’ यातील ‘व्यपगत’ हा शब्द कठीण आहे, अशी तक्रार सहसा केली जाते. ती खरी आहे. पण दोष केवळ तेवढाच नाही. कठीण शब्द कोशात पाहता येतो. या वाक्यात कर्ताच नाही. मान्यता कोण देत आहे, कार्यवाही कोणी करावयाची, मुदत कोणी विहित केली आणि ती किती, मान्यता संपली असे कोण समजणार? ‘-ण्यात येणे’ ही रचना मराठीत कर्त्याला वाक्याबाहेर ठेवण्याची सोय करून देते. प्रशासनात व्यक्ती नव्हे, पद कृती करते, हे या रचनेचे समर्थन मान्य केले, तरी निदान पदाचा उल्लेख हवा. जबाबदारी म्हणजे कोणी काय केले याचे उत्तर देणे. ज्या वाक्यात ‘कोणी’ नाही, ते वाक्य संगणकावर कितीही ठळक दिसले तरी जबाबदारीच्या दृष्टीने अपारदर्शकच राहते.

सातबाऱ्यावरील संज्ञांचीही हीच कथा आहे. ‘भोगवटादार वर्ग २’ या संज्ञेतील ‘वर्ग’ हा शब्द सामान्य वाचकाला प्रतीचा किंवा श्रेणीचा वाटतो. प्रत्यक्षात तिचा आशय असा की, त्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. आयुष्याची पुंजी घालून जमीन घेणाऱ्याला हा एक आकडा कळला नाही, तर त्याची किंमत त्याला मोजावी लागते. संज्ञा टाकून द्याव्यात असे नाही. शास्त्राला संज्ञा लागतात, तशा कायद्यालाही लागतात. परंतु कागदावर जागेची जी टंचाई होती ती पडद्यावर नाही. संज्ञेशेजारी एका वाक्याचे विवरण देणे सहज शक्य असता जुन्या कागदाचेच रूप पडद्यावर उमटवून थांबणे, हा यंत्राच्या सामर्थ्याचा अपव्यय होय.

येथे एक आक्षेप येईल. भाषांतराची आणि वाचिक संवादाची यंत्रे आता झपाट्याने प्रगत होत आहेत. भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाने ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ साली सुरू केला. दुर्बोध मजकूर यंत्रच सोपा करून वाचून दाखवील, मग भाषेची चिंता कशाला? ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलणारे यंत्र हे मोठेच साधन आहे, यात शंका नाही. परंतु जो कर्ता मूळ वाक्यातच नाही, तो यंत्र कोठून आणणार? आणि त्याने तो आणलाच, तर ती त्याची कल्पना असेल, आदेश नव्हे. मूळ वाक्यातील संदिग्धता दूर करण्याचे काम ज्याने वाक्य लिहिले त्याचेच आहे.

तिसरा प्रश्न उत्तर देण्याचा, म्हणजेच खऱ्या अर्थाने सहभागाचा. चावडीच्या भिंतीवरील नोटीस एकट्याने वाचण्याची वस्तू नव्हती. कोणी वाचे, कोणी विचारी, कोणी ‘हे असे नाही’ म्हणे. या चर्चेत सर्वांना स्थान होते असे मानण्याचा भाबडेपणा करू नये. आपली काल्पनिक कन्या आणि गावकुसाबाहेरची माणसे त्या ओट्यावर क्वचितच बसली असतील. म्हणून जुन्या चावडीचे स्मरणरंजन नको. पण तिचा एक गुण नव्या चावडीत उतरला पाहिजे : मजकूर आणि त्यावर बोलणारी माणसे तेथे एकत्र असत.

या संदर्भात राजस्थानचा अनुभव बोलका आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या अखेरीपासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. सार्वजनिक कामांच्या हजेरीपटांचे तेथे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचन होई, आणि ज्यांची नावे वाचली जात तेच नोंद खरी की खोटी हे सांगत. माहितीच्या अधिकाराची चळवळ या वाचनातून वाढली. त्याच राज्यात २०१९ साली ‘जन सूचना’ नावाने योजनांची माहिती संगणकावर खुली झाली. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी वाचन, प्रश्न आणि साक्ष, त्यानंतर यंत्र. काय विचारायचे हे लोकांना ठाऊक झाल्यावर काय दाखवायचे हे ठरले. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा असतो. आहे ते दाखविले जाते, आणि विचारणाऱ्याची वाट पाहिली जाते.

आपल्याकडेही आशेला जागा नाही असे नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतः भ्रमणध्वनीवरून करता येऊ लागली. गाव नमुना बारा हा दुसऱ्याने लिहायचा आणि आपण वाचायचा मजकूर होता. त्याचा लेखक आता शेतकरी होऊ शकतो. हा बदल लहान नाही. मात्र नोंद करणे आणि मत देणे यांत अंतर आहे. ठरलेल्या रकान्यात ठरलेली माहिती भरणारा नागरिक शासनाला साहाय्य करतो. रकाना असा का, हे विचारू शकणारा नागरिक शासनात सहभागी होतो.

येथवरच्या विवेचनाचा रोख तंत्रविद्येच्या विरुद्ध नाही. उलट, तिच्याकडे बोट दाखवून भाषेच्या अभ्यासकांनी आपली जबाबदारी झटकू नये, असा आहे. सामान्यरूपे आणि त्यांची मूळ रूपे यांचा सर्वांस खुला असा संगणकीय कोश, शासकीय वाक्यरचनेचे कर्त्याच्या दृष्टीने वर्गीकरण, एकाच नोटिशीची दोन-तीन रूपे प्रत्यक्ष वाचकांपुढे ठेवून त्यांना काय कळले याची नोंद, हे सर्व पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील विषय आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाने भाषेच्या प्राचीनतेवर शिक्कामोर्तब झाले. तिच्या वर्तमानाची परीक्षा मात्र अन्यत्र व्हायची आहे : दूरच्या शहरात पडद्यासमोर बसलेल्या एका स्त्रीला, मुदतीच्या पंधरा दिवसांत, आपले नाव कोणी आणि कशाच्या आधारे कमी केले हे मराठी वाक्यातून कळते की नाही, येथे.