रायफलीचा कागद

आफ्रिकेतल्या शिकारीवर इंग्रजीत पुस्तके ढिगाने आहेत. त्यांतली बरीचशी एकाच ठिकाणी सुरू होतात: पहाट, गवतावरचे दव, दूरवर काहीतरी हललेले, आणि शिकाऱ्याच्या हातात रायफल. ती रायफल तिथवर आली कशी? कुठल्या बंदरात उतरली, कुणी परवानगी दिली, कुणी वाहून आणली? यावर लेखक फार तर एखादे पान खर्च करतो. आपणही ते पान भरभर उलटतो, कारण आपल्याला सिंह हवा असतो. माझे म्हणणे असे आहे की या साहित्याची परीक्षा करायची असेल तर त्याच पानापाशी थांबावे. शिकाऱ्याला रायफलीचा कागद कुणी मागितला आणि कुणी मागितला नाही, यावरून तो त्या भूमीवर कोण म्हणून वावरत होता हे कळते. नेम कसा लागला यावरून तेवढे कळत नाही.

आधी आजचा कागद पाहू, म्हणजे जुन्या पुस्तकांत काय नाही ते दिसेल.

अमेरिकेतून आफ्रिकेत शिकारीला निघालेला माणूस घर सोडण्याआधी रायफल घेऊन कस्टम्सच्या कचेरीत जातो. अधिकारी रायफलीवरचा क्रमांक प्रत्यक्ष पाहून ४४५७ नंबरच्या फॉर्मवर शिक्का मारतो. हा फॉर्म मुळात शस्त्रासाठी नाहीच. परदेशी नेलेला कॅमेरा किंवा घड्याळ परत आणताना ‘हे आधीपासून माझेच आहे’ असे दाखवून जकात टाळता यावी, एवढाच त्याचा हेतू. पण अमेरिकेत साधी रायफल बाळगायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, त्यामुळे दाखवायला परवानाच नसतो. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांना मात्र मालकीचा काहीतरी सरकारी पुरावा हवा असतो. मग घड्याळाचा हा फॉर्म बंदुकीच्या परवान्याचे काम करू लागतो. फॉर्मच्या कोपऱ्यात एक तारीख छापलेली असते. फॉर्मचा तो नमुना कधीपर्यंत वापरायचा, याची ती अमेरिकी सरकारची अंतर्गत नोंद. जोहान्सबर्गच्या टेबलावर तीच तारीख परवान्याची मुदत म्हणून वाचली गेली आणि शिकाऱ्यांची अडवणूक झाली. एका देशाच्या छपाईतला तपशील दुसऱ्या देशात कायदा होतो, याहून चांगला प्रसंग कादंबरीकारालाही सुचायचा नाही.

विमानतळावर रायफल रिकामी हवी, कडक कवचाच्या पेटीत हवी, पेटीला कुलूप हवे आणि किल्ली फक्त प्रवाशाकडे हवी. काडतुसे साधारण पाच किलोपर्यंत. हे सगळे काउंटरवर तोंडाने सांगावे लागते: माझ्या सामानात शस्त्र आहे. त्यानंतर येतो मधला थांबा, दहा तासांचा, कधी वीस तासांचा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पेटी सहसा आतल्या आत पुढच्या विमानात जाते, आणि शिकारी दिवसभर बाकावर बसून ती गेली असेल ना याचा विचार करतो. तिकिटे दोन असतील, किंवा थांबा इतका लांबला की सामान ताब्यात घ्यावे लागले, तर गोष्ट बदलते. पेटी पट्ट्यावरून बाहेर आली की तिला त्या मधल्या देशाचा बंदूक-कायदा लागू होतो. आता तो नुसता प्रवासी राहिलेला नसतो. परवान्याशिवाय शस्त्र आणणारा परका माणूस ठरण्याची पाळी त्याच्यावर येते. ब्रिटनसारख्या देशात असा परवाना आधीच काढून ठेवावा लागतो. काही देश तर पेटी विमानतळाबाहेर गेली नाही तरी पूर्वपरवानगी मागतात.

शेवटी जोहान्सबर्ग. तिथे पोलिसांचा ५२० नंबरचा फॉर्म, काळ्या शाईत भरलेला, सही अधिकाऱ्यासमोर. सोबत पासपोर्ट, परतीचे तिकीट, ज्यांच्याकडे शिकार करायची त्यांचे निमंत्रणपत्र. काडतुसे एका रायफलीमागे दोनशेपर्यंत. कशाला आलात, कुणाकडे उतरणार, कधी परत जाणार?

हे प्रश्न आपल्यातल्या कुणालाही पाठ असतील. वकिलातीच्या खिडकीसमोर निमंत्रणपत्र, बँकेचे कागद आणि परतीचे तिकीट छातीशी धरून आपण उभे राहिलो आहोत. अमेरिकी पासपोर्टवाल्या माणसाला आयुष्यात ही रांग क्वचितच लागते. शिकारीला जाताना ती लागते, आणि तीही आफ्रिकी अधिकाऱ्यासमोर. म्हणून मला वाटते की आजच्या शिकारवर्णनातले सर्वांत मोलाचे प्रकरण या टेबलापाशी घडते. पण ते लिहिले जाते तक्रार म्हणून: किती तास गेले, कोण कसे वागले, पुढच्या वेळी कुठला मार्ग टाळावा. टेबलापलीकडच्या माणसाला हे प्रश्न विचारायचा अधिकार केव्हा आणि कसा मिळाला, हा विचार त्या पानांत येत नाही.

आता जुनी पुस्तके पाहू. थिओडोर रुझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, २३ मार्च १९०९ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातून निघाले. नेपल्सला जहाज बदलले आणि २१ एप्रिलला मोंबासाला उतरले. त्यांचे ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ १९१० मध्ये आले. सामानाच्या बाबतीत हे पुस्तक मोकळे आहे. कुठल्या रायफली होत्या ते लेखक सांगतो: स्प्रिंगफील्ड, विंचेस्टर, आणि इंग्लंडमधल्या चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंडची दुनळी. कातडी टिकवायला चार टन मीठ होते. डुकराच्या कातड्यात बांधलेल्या साठेक पुस्तकांची पेटी होती, कारण हा माणूस जंगलातही वाचत असे. ओझी वाहायला दोनशेहून अधिक हमाल होते. मोहीम स्मिथसोनियन संस्थेसाठी होती. ११,००० हून जास्त नमुने गोळा झाले. बापलेकांनी मिळून ५१२ मोठी जनावरे मारली, हा आकडाही त्यांनी लपवला नाही.

पुस्तक प्रामाणिक आहे हे मान्य करायला हवे. हमालांविषयी त्यात आपुलकीही आहे. पण ती मालकाची आपुलकी आहे. या रायफलींना अडवू शकेल असा स्थानिक माणूस त्या प्रवासात कुठे उभाच नाही. परवानगी देणारे लंडनचे, आतिथ्य करणारे गोरे वसाहतकार. ज्यांच्या जमिनीवरून हे सगळे चालले त्यांच्या वाट्याला ओझे आले. शिकाऱ्याचा आत्मविश्वास आपल्याला त्याच्या स्वभावातून आलेला वाटतो. त्यातला बराचसा भाग कागद न विचारला जाण्यातून आलेला आहे.

हेमिंग्वे जास्त चलाख. तो नोव्हेंबर १९३३ मध्ये मार्सेयहून जहाजाने निघाला आणि डिसेंबरात मोंबासाला पोहोचला. ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ १९३५ चे. एका महिन्यातल्या घटना अगदी खऱ्याखुऱ्या मांडल्या तर त्या कल्पित कथेच्या तोडीच्या ठरतील का, हे पाहण्याचा प्रयोग म्हणून हे पुस्तक लिहिल्याचे तो प्रस्तावनेत सांगतो. आणि मग सुरुवात कुठे? मिठाच्या चाटणीशेजारी, डहाळ्यांच्या आडोशात. समुद्रप्रवास गाळला, बंदर गाळले. पण पुस्तकातला पहिला आवाज ऐका: तो जनावराचा नाही, मोटारलॉरीचा आहे. धडधडत आलेली लॉरी जनावरे पळवून लावते आणि शिकाऱ्यांची संध्याकाळ फुकट जाते. गाळलेले दळणवळण पहिल्याच ओळीत असे परत येते. लेखक लॉरीवर चिडतो. आपण स्वतःही असेच यंत्रावर बसून इथे आलो आहोत, हा विचार तो पुढे नेत नाही. खऱ्याचा प्रयोग तिथे अर्धवट राहतो. वाक्ये देखणी आहेत, कुडूचा पाठलाग आजही श्वास रोखून वाचावा असा आहे. पण ‘अगदी खरे’ असा दावा करणाऱ्याने आपण तिथे कसे पोहोचलो, हे सत्यातून वगळणे मला मान्य होत नाही.

तिसरे पुस्तक या दोन्हींच्या आधीचे, आणि लेखक म्हणून सर्वांत साध्या माणसाचे. जे. एच. पॅटरसनचे ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’, १९०७. पॅटरसन १ मार्च १८९८ रोजी मोंबासाला आला तो शिकारीला नव्हे, युगांडा रेल्वेचा पूल बांधायला. हाताखालचे बहुतेक मजूर भारतातून कराराने आणलेले. दोन नरभक्षक सिंहांनी नऊ महिने छावणीत धुमाकूळ घातला आणि अखेर डिसेंबरात पॅटरसनने दोघांनाही मारले.

आपला विषय या पुस्तकात दोनदा, अगदी उघडपणे येतो. एकदा सिंह समोर आला असताना पॅटरसनच्या हातातली रायफल उडालीच नाही. ती उसनी घेतलेली, न वापरलेली होती. विमानाने रायफल नेणारे आजही जो युक्तिवाद करतात, त्याचे मूळ इथे सापडते. तिकडे गेल्यावर भाड्याने रायफल मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? तर हाताला सवय नसलेल्या बंदुकीने जनावर जखमी होऊन निसटते आणि तडफडून मरते. हा युक्तिवाद पोकळ नाही. कागदांची ही सगळी यातायात सोसण्यामागे हौस असते तशी ही जबाबदारीही असते, हे शिकार न आवडणाऱ्यानेही मान्य करावे.

दुसरा प्रसंग १ डिसेंबरचा. मजुरांनी काम टाकले. आम्ही भारतातून आलो ते सरकारचे काम करण्याच्या करारावर, सिंहांच्या तोंडी जायला नव्हे, असे त्यांचे म्हणणे लेखकाने नोंदवले आहे. शेकडो जण रुळांवर आडवे पडले, गाडी थांबवली आणि तिच्यात चढून निघून गेले. शिकारसाहित्यात कागदाचा आधार घेऊन बोलणारी माणसे फार थोडी, आणि ही त्यांतली पहिली मला भेटलेली. त्यांच्याजवळ रायफल नव्हती. होता तो करार. पॅटरसनला हा प्रसंग म्हणजे कामातला अडथळा वाटतो, तरी तो लपवत नाही. शिवाय एका मिस्त्रीने हिंदुस्तानीत रचलेले या सगळ्यावरचे काव्यही तो भाषांतर करून छापतो. समुद्र ओलांडून आलेल्या मजुराच्या नजरेतून तो मुलूख पाहण्याची संधी या तीन पुस्तकांत एवढीच.

पण मृतांचा हिशेब करताना हेच पुस्तक सांगते की अठ्ठावीस भारतीय मजूर गेले. आफ्रिकी किती गेले याची सरकारी नोंदच ठेवली नाही. हे वाक्य लेखक जाता जाता लिहितो. आज एका रायफलीचा क्रमांक दोन देशांच्या दप्तरांत चढतो आणि परतताना पुन्हा तपासला जातो. त्या माणसांच्या वाट्याला एवढीही नोंद आली नव्हती.

म्हणून मधल्या थांब्यावर ताटकळणाऱ्या शिकाऱ्याबद्दल मला थोडी सहानुभूती वाटते, आणि त्याच्या चिडचिडीबद्दल अजिबात वाटत नाही. पॅटरसन आणि रुझवेल्ट ज्या मोंबासात उतरले त्या केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदीच घातली. जिथे ती चालू आहे तिथे परवानगी त्या देशाचे सरकार देते. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल सिंह मारला गेल्यावर डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या विमान कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रेडा यांच्या ट्रॉफी वाहून नेणे बंद केले. रायफल जाऊ शकते, मुंडके त्या विमानाने परत येऊ शकत नाही. शिकारीबद्दलचा जगाचा गोंधळ या एका नियमात दिसतो, आणि तो सामानाच्या काउंटरवर दिसतो, जंगलात नाही.

आपण मराठी वाचक शिकारकथा निर्धास्तपणे वाचतो, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे तो विषय आठवणींत जमा झाला. अमेरिकेत राहणाऱ्यांना ती सोय नाही. इथे शेजारी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो, ऑफिसातला कुणी नामिबियाला जाऊन येतो आणि फोटो दाखवतो. तेव्हा होकार-नकाराच्या घाईत न पडता त्याला प्रवासाबद्दल विचारावे: कुठे थांबलात, पेटी कुठे होती, कुणी काय विचारले, तुम्ही काय उत्तर दिलेत? शिकारीचे वर्णन ठरलेले असते, या प्रश्नांची उत्तरे ठरलेली नसतात.

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्सावोचे ते दोन सिंह आजही आहेत. पंचवीस वर्षे पॅटरसनच्या घरी गालिचे म्हणून वापरल्यावर १९२४ मध्ये त्याने ती कातडी संग्रहालयाला ५,००० डॉलरला विकली. तिकडे गेलात तर सिंह जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. आणि घरी आल्यावर पुस्तकातले मजुरांच्या कराराचे ते पान काढून मुलांना वाचून दाखवा.