ग्रीक व इंग्रजी : बालशिक्षणातील तुलनेची एक उणीव

आधुनिक ग्रीक आणि इंग्रजी यांची बालशिक्षणाच्या दृष्टीने तुलना करताना ग्रीक लेखन सुगम व इंग्रजी लेखन लहरी, असा निर्वाळा बहुधा दिला जातो. त्यास आधार नाही असे नव्हे. फिलिप सीमूर व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या युरोपीय लेखनपद्धतींच्या अभ्यासात पहिल्या इयत्तेच्या अखेरीस ग्रीक मुलांनी परिचित शब्दांपैकी सुमारे ९८ टक्के अचूक वाचले. स्कॉटलंडमधील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण अवघे ३४ टक्के भरले. स्कॉटिश मुले शाळेत लवकर जातात हे खरे. परंतु दुसऱ्या वर्षीही ती ७६ टक्क्यांपर्यंतच पोचली होती.

तथापि ही मोजणी वाचनाची होय, लेखनाची नव्हे; आणि निर्वाळा देणाऱ्यांचा नेमका येथेच घोटाळा होतो. ग्रीकमधील 'ई' हा एकच ध्वनी ईटा, योटा वा इप्सिलॉन या अक्षरांनी, तसेच एप्सिलॉन-योटा व ओमिक्रॉन-योटा या जोड्यांनीही लिहिला जातो. वाचणाऱ्यास संशय पडत नाही. श्रुतलेखन करणाऱ्या मुलापुढे मात्र पाच वाटा फुटतात. ऱ्हस्वदीर्घाच्या दोनच वाटांत चुकणाऱ्या मराठी मुलाची येथे सहज आठवण व्हावी.

या वाटा निरर्थक मात्र नाहीत. 'सफरचंद' व 'मी बोलतो' या अर्थांचे ग्रीक शब्द 'मीलो' आणि 'मिलो' असे जवळजवळ सारखे ऐकू येतात. पहिल्याच्या अंती ओमिक्रॉन येतो, कारण ते नपुंसकलिंगी नाम आहे. दुसऱ्याच्या अंती ओमेगा, कारण ते प्रथमपुरुषी क्रियापद आहे. इंग्रजीत याच्या उलट प्रकार दिसतो. 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टिड' या भूतकाळी रूपांचे अंत्य उच्चार तीन, लेखन एकच. एका भाषेत सारख्या ध्वनीस व्याकरण वेगळे करते, दुसरीत वेगळ्या ध्वनींस ते एकत्र बांधते. म्हणजे ज्या इंग्रजी लेखनास लहरी म्हणून बोल लावला जातो, तेही निदान या ठिकाणी व्याकरणच राखीत असते. प्रत्यय न शिकविता केवळ अक्षरे घोटवून घेणारी पद्धती दोन्हीकडे सारखीच अपुरी पडते.

आघाताच्या बाबतीत मात्र ग्रीक मुलाचे भाग्य निःसंशय थोर. १९८२ साली ग्रीसने प्राचीन श्वासचिन्हे व निरनिराळी आघातचिन्हे काढून एकच आघातचिन्ह ठेवले. एकाच अक्षरमालिकेचा अर्थ 'केव्हा?' की 'कधीही नाही', हे त्या एका रेघेवरून ठरते. इंग्रजी 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असता आघात आरंभी, क्रियापद असता अंती येतो. कागदावर त्याची खूण नाही, आणि मुलाला ती वाक्यातूनच हुडकावी लागते.