बाटलीतला उपाय आणि टाकीतले पाणी

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कसारख्या भागात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांतून हल्ली इंधनात घालायच्या छोट्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते, टाकीत पाणी साचते, इंजिन बिघडते. बाटलीतील द्रव्य ते पाणी ‘नाहीसे’ करते, शिवाय मायलेजही वाढवते, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या या दमट गावात हे पटायला वेळ लागत नाही. आमचा आक्षेप असा की, या विधानातील पहिला तुकडा तेवढा खरा आहे. पुढचे सारे हिशेबाला उतरत नाही.

इथेनॉल आर्द्रताशोषी आहे, हे निर्विवाद. त्याच्या रेणूतील हायड्रॉक्सिल गट पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतो आणि कार्बनची शेपटी पेट्रोलशी जमवून घेते. त्यामुळे इथेनॉल हे पाणी आणि पेट्रोल यांच्यातील मध्यस्थ ठरते. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मात्र १५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेऊनही समांगी राहते. इथेनॉल २० टक्के केले, किंवा तापमान वाढले, की ही मर्यादा आणखी वर जाते. म्हणजे इथेनॉल जास्त तेवढे थोडे पाणी पचवण्याची ताकदही जास्त. विक्रेते ही बाजू सांगत नाहीत.

आता दमट हवेचा हिशेब मांडू. हा विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घेण्याजोगा आहे. चाळीस लिटरची टाकी अर्धी भरलेली आहे असे धरा. वरच्या २० लिटर हवेत, ३० अंशांना ती बाष्पाने संपृक्त असली तरी, पाणी असते जेमतेम ०.६ ग्रॅम. दिवसा हवा प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते. दहा अंशांचा फरक धरला तर रोज सुमारे पाऊण लिटर हवा आत-बाहेर होईल आणि तिच्याबरोबर सुमारे ०.०२ ग्रॅम पाणी आत येईल. ते सगळेच्या सगळे इंधनाने शोषले असे मानले, तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत होतात सुमारे अडीच ग्रॅम. उलट १० टक्के मिश्रणाच्या २० लिटरांत थर वेगळे होण्यासाठी सुमारे १०० मिलिलिटर पाणी लागेल. आमचा अंदाज कितीही कच्चा म्हटला, तरी ही दरी चाळीसपट आहे.

मग पाणी येते कोठून? द्रवरूपात, आणि बहुधा ओतल्यासारखे. टाकीच्या झाकणाचे रबर कुजलेले असते. गाडी साचलेल्या पाण्यात उभी राहते. नाहीतर पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचे पाणी झिरपते. त्यासाठी इथेनॉलची गरजही नाही. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलाम येथे मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ गाड्या एकाच वेळी बंद पडल्या, त्या पाणीमिश्रित डिझेलमुळे. महाराष्ट्राला तर हा विषय नवा नाहीच. पाच टक्के मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली मिरज आणि मनमाड येथेच (तिसरा उत्तर प्रदेशात) झाले होते.

मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉलयुक्त पेट्रोल वेगळे वागते. पाणी एकटे खाली बसत नाही, इथेनॉललाही बरोबर घेऊन जाते. तळाचा थर शिरलेल्या पाण्यापेक्षा बराच मोठा होतो, आणि इंधनपंपाचे तोंड नेमके तळाशी असते. इंजिन बंद पडते ते यामुळे. वरच्या थरातील पेट्रोल इथेनॉलला मुकल्याने त्याचा ऑक्टेन अंकही घसरतो.

भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितींत याच गुणधर्माचा उलटा अर्थ लावलेला असतो. पेट्रोलमध्ये तेवढेच रंगीत पाणी घालून बाटली हलवतात. १०० मिलिलिटर पाण्याचा थर १२०च्या जवळ जातो, आणि निवेदक ओरडतो, ‘पाहा, पेट्रोलमध्ये २० टक्के पाणी!’ ते पाणी नव्हे. ते पेट्रोलमधून खाली उतरलेले इथेनॉल आहे. प्रयोग अगदी बरोबर, निष्कर्ष साफ चूक.

आता बाटलीकडे वळू. अशा द्रव्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिल्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखी सहद्रावके असतात. ती पाण्याची मर्यादा थोडी वाढवतात; पण २० टक्के मिश्रणाच्या भरलेल्या चाळीस लिटर टाकीत आधीच आठ लिटर अल्कोहोल असताना आणखी १०० मिलिलिटरने काय फरक पडणार? दुसऱ्या प्रकारात पाण्याचे बारीक थेंब इंधनात तरंगत ठेवणारी, साबणाच्या जातीची द्रव्ये असतात. पाणी नाहीसे होत नाही, ते थेंबाथेंबाने इंजिनातून जाते. तिसरा प्रकार गंजरोधकांचा आणि मळ धुणाऱ्या द्रव्यांचा. हा खरोखर उपयोगी आहे, परंतु त्याचा पाण्याशी संबंध नाही. थर एकदा वेगळे झाले की टाकी रिकामी करणे हाच उपाय. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या मालकाने बाटली ओतून चावी फिरवली, तर तळचा थर सरळ इंजिनाकडे जाईल आणि शंभर-दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात मोठी दुरुस्ती गळ्यात पडेल.

मायलेजबद्दल तर काही बोलायलाच नको. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे जवळजवळ सात टक्के. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट नोंदलेली आहे. ही ऊर्जा कोणत्याही बाटलीतून परत येत नाही. सरकारी प्रचारात हा आकडा एवढ्या ठळकपणे सांगितला असता, तर बाटलीवाल्यांचे निम्मे गिऱ्हाईक तुटले असते असे आम्हांला वाटते.

वर्गात पेट्रोल आणू नये. त्याऐवजी प्रयोगशाळेतील ९५ टक्के अल्कोहोलमध्ये थोडे एरंडेल तेल विरघळवावे. द्रावण स्वच्छ दिसेल. त्यात ड्रॉपरने पाणी घालत जावे. पहिले काही थेंब मुकाट्याने सामावतात. मग एका थेंबाला सगळे दुधी होते. थेंब मोजून ठेवावेत, अल्कोहोलचे प्रमाण बदलून पुन्हा मोजावेत. जवळपास ज्योत नको.

पंपावर ग्राहकाला गाळणकागदाची चाचणी मागता येते, पण तिने भेसळ कळते, पाणी नव्हे. भूमिगत टाकीतले पाणी पाहण्यासाठी मोजपट्टीला रंग बदलणारा लेप लावतात. नेहमीचा लेप शुद्ध पाण्यासाठी बनवलेला असतो. इथेनॉल मिसळलेल्या तळथराला तो नीट प्रतिसाद देत नाही. त्यासाठी वेगळा लेप मिळतो. आपल्या नेहमीच्या पंपावर कोणता वापरतात, हे पावसाळ्यापूर्वी विचारून घ्यावे.