टाटा-फियाट एक झाले असते तर?

खराडीहून नगर रस्त्याने पुढे गेलात की रांजणगावात टाटा आणि फियाटचा निम्म्या-निम्म्या भागीदारीचा कारखाना लागतो. 'दोघं पूर्ण एक झाले असते तर फियाट टिकली असती,' हे जर-तर तुम्हीही ऐकलं असेल. मला नाही पटत.

प्रयोगाला कंट्रोल लागतो. इथे तो आहे: डिझेल स्विफ्ट. अगदी शुद्ध नाही, पण कामचलाऊ. तिच्यात फियाटचंच १.३ मल्टिजेट इंजिन होतं, आणि ती धडाक्यात खपली. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. उरलं काय? किंमत, विक्री, सर्व्हिस. त्यातली शेवटची दोन तर २०१२ मध्ये काडीमोड जाहीर होईपर्यंत टाटांच्याच डीलरांकडे होती. म्हणजे अर्धं विलीनीकरण करून झालंच होतं की!

जर-तर लिहायचंच, तर हे लिहा: तीच पुंटो मारुतीच्या शोरूममध्ये उभी असती तर?