अपेक्षा आणि आविष्कार : 'ब्लाइंड फेथ' (१९६९) या ध्वनिमुद्रिकेचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात 'सुपरग्रुप' ही संज्ञा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. आपापल्या समूहांतून नावारूपाला आलेले वादक व गायक जुने समूह सोडून एकत्र येतात आणि नवा समूह उभा करतात, तेव्हा त्यास ही संज्ञा लावण्यात येते. वस्तुतः या संज्ञेत वर्णनापेक्षा जाहिरातीचा अंश अधिक आहे. एकही गीत ऐकविण्यापूर्वीच समूह श्रेष्ठ ठरतो आणि श्रोत्याने फक्त त्या श्रेष्ठत्वाचा पडताळा पाहावयाचा उरतो. 'ब्लाइंड फेथ' हा इंग्लंडमधील समूह या प्रकाराचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण होय. १९६९ च्या प्रारंभी तो आकारास आला, ७ जूनला लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला आणि २४ ऑगस्टला हवाई बेटांवरील होनोलुलू येथे शेवटचा. मागे राहिली ती सहा गीतांची एकच ध्वनिमुद्रिका. ऑगस्ट १९६९ मध्ये प्रकाशित झालेली ही ध्वनिमुद्रिका ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तरीही 'अपेक्षाभंग' हा शब्द तिच्या नावाला जो चिकटला तो पुढील अनेक दशके सुटला नाही.

ध्वनिमुद्रिका अपेक्षेस उतरली काय, हा प्रश्न वरकरणी सरळ आहे. परंतु अपेक्षा कोणाची व कशाची, हे निश्चित केल्यावाचून त्याचे उत्तर देणे म्हणजे माप न पाहता वजन सांगण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात अशी भूमिका घेतली आहे की, ही ध्वनिमुद्रिका जेथे लोकांची अपेक्षा पुरविते तेथेच ती सर्वाधिक दुबळी आहे, आणि जेथे ती अपेक्षा मोडते तेथे तिचे टिकाऊ मोल आहे.

अपेक्षेची जडणघडण

एरिक क्लॅप्टन (गिटार) आणि जिंजर बेकर (ड्रम) हे दोघे 'क्रीम' या तिघांच्या समूहातून आले होते. १९६६ ते १९६८ या अवघ्या दोन-सव्वादोन वर्षांत 'क्रीम'ने ब्लूजवर आधारित दीर्घ, आक्रमक व उच्चरवातील वादनाची एक रीत घडविली. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला. बेकर आणि बेसवादक जॅक ब्रूस यांचे हाडवैर हे समूह मोडण्याचे एक कारण होते. दुसरे कारण क्लॅप्टनच्या मनातले होते. 'द बँड' या समूहाची 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' (१९६८) ही ध्वनिमुद्रिका ऐकल्यानंतर त्याला लांबलचक एकल वादनाचा वीट आला होता. गीताला प्राधान्य आणि वादकाने गीतामागे उभे राहावे, अशा संगीताकडे त्याची ओढ लागली होती. ही बाब ध्यानात घेतल्याखेरीज पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

स्टीव्ह विनवुड हा 'ट्रॅफिक' या समूहाचा गायक, ऑर्गनवादक व गीतकार होता. किशोरवयातच 'स्पेन्सर डेव्हिस ग्रुप'मधून त्याचा आवाज सर्वतोमुखी झाला होता. १९६९ च्या मे महिन्यात त्याने एकविसावे वर्ष पूर्ण केले. 'ट्रॅफिक' सुटल्यावर इंग्लंडमधील एका खेड्यातील त्याच्या घरी क्लॅप्टन जाऊ लागला आणि दोघे तासन् तास अनौपचारिक वादन करू लागले. तेथवर समूहाला नाव नव्हते, कराराचीही निकड नव्हती. मग बेकर येऊन दाखल झाला. विनवुडला तो हवा होता. क्लॅप्टन मात्र साशंक होता, कारण बेकर आला की लोक या समूहाला दुसरे 'क्रीम' समजणार, हे त्याला कळत होते. ही शंका अक्षरशः खरी ठरली. 'फॅमिली' या समूहातील रिक ग्रेच बेस गिटार व व्हायोलिनसाठी आला. तो आपल्या समूहाचा अमेरिकेतील दौरा अर्ध्यावर सोडून आला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. आपल्याकडील जुगलबंदीत दोन कलावंत यापूर्वी कधी एका मंचावर बसले नसले तरी राग आणि ताल ही त्यांची सामायिक भूमी आधीपासून सिद्ध असते. रॉक वादकांची सामायिक भूमी म्हणजे ब्लूज. तिच्या आधारे तासभर वाजविता येते, पण गीत निर्माण होत नाही. रॉक समूहाची ओळख त्याच्या स्वतःच्या गीतांवरून ठरते आणि गीते साचण्यास काळ लागतो. या समूहाला तो काळ मिळाला नाही. व्यवस्थापक व ध्वनिमुद्रण कंपन्या यांना दौरा हवा होता, आणि तो ठरला तेव्हा समूहाच्या गाठीशी जेमतेम सहा-सात गीते होती.

ध्वनिमुद्रिकेचा विचार

निर्माता जिमी मिलर याने यापूर्वी 'ट्रॅफिक'च्या ध्वनिमुद्रिका घडविल्या होत्या. त्याच्या हाताखाली तयार झालेली ही ध्वनिमुद्रिका सुमारे बेचाळीस मिनिटांची आहे. पहिल्या बाजूस चार गीते, दुसऱ्या बाजूस दोन. सहापैकी तीन विनवुडची, एक क्लॅप्टनचे, एक बेकरचे आणि एक बडी हॉली व त्याच्या सहकाऱ्यांचे जुने गीत. मुखपृष्ठावरील छायाचित्राला अमेरिकेत आक्षेप घेण्यात आला व तेथे पर्यायी मुखपृष्ठ काढावे लागले; त्या वादाने बराच छापील मजकूर व्यापला, परंतु संगीताच्या मूल्यमापनाशी त्याचा संबंध नाही.

'हॅड टु क्राय टुडे' या पहिल्या गीताचा कणा म्हणजे गिटारवरील एक पुन्हा पुन्हा येणारी स्वराकृती, ज्याला रॉकच्या परिभाषेत 'रिफ' म्हणतात. 'क्रीम'ची सवय लागलेल्या श्रोत्यास ही रिफ ओळखीची वाटते. परंतु तिच्या भोवतीची बांधणी निराळी आहे. विनवुडचा उंच, किंचित चिरकणारा स्वर त्या जड रिफच्या विरुद्ध दिशेने जातो, आणि शेवटाकडे गिटारच्या दोन रेषा एकमेकींना छेद देत चालतात. पावणेनऊ मिनिटांचे हे गीत थोडे लांबले आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही त्यात दोन समूहांच्या शैलींची नुसती बेरीज नाही. तिसरे काही घडू पाहत आहे, याची खूण येथे मिळते.

ती खूण पूर्ण होते ती 'कान्ट फाइंड माय वे होम'मध्ये. सव्वातीन मिनिटांचे हे सर्वांत लहान गीत. विजेच्या गिटारला येथे स्थान नाही. साध्या गिटारच्या तारा खालच्या स्वरात उतरतात आणि त्यावर विनवुडचा आवाज जवळजवळ अधांतरी राहतो. बेकरसारखा गडगडाटाबद्दल ख्यातकीर्त वादक येथे झांजांवर हलके हात ठेवून कुजबुजल्यासारखा वाजवितो. ज्याला 'क्रीम' हवे होते त्याला या गीतात काहीच मिळाले नसेल: क्लॅप्टनचे एकल वादन नाही, बेकरचा आवेश नाही. नेमके याच कारणाने ते गीत समूहाच्या इतर सर्व गीतांपेक्षा दीर्घायुषी ठरले. २००१ साली या ध्वनिमुद्रिकेची विस्तारित आवृत्ती निघाली. तीत याच गीताचे विजेच्या गिटारवरील एक प्रारूप समाविष्ट आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास कलात्मक निर्णय म्हणजे काय, याचा पाठच मिळतो. विजेच्या गिटारवरील प्रारूप वाईट नाही. पण तेथे चार वादक वाजवीत आहेत, आणि प्रकाशित प्रारूपात एक गीत ऐकू येते. कोणीतरी बसून ठरविले की हे कमी करावयाचे, आणि नामवंतांच्या मेळाव्यात कमी करण्याचे ठरविणे ही सर्वांत कठीण गोष्ट असते.

'वेल ऑल राइट' हे पन्नासच्या दशकातील गीत नव्या रिफसह सादर केले आहे. ते प्रसन्न आहे. अधिक काही सांगण्याजोगे त्यात नाही.

'प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड'चा विचार मात्र सावकाश करावयास हवा. शब्द व स्वररचना दोन्ही संपूर्णपणे क्लॅप्टनची असलेले हे त्याचे पहिले गीत. ते प्रार्थनेच्या धाटणीचे, संथ व सरळ आहे. ज्याने स्वतःच्या अंतरीची गोष्ट लिहिली त्याने ती स्वतः न गाता विनवुडच्या स्वाधीन केली. यात संकोच असेल, पण विवेकही होता. मध्यभागी लय एकाएकी दुप्पट होते, वा-वा पेडलमधून क्लॅप्टनची गिटार उसळून येते आणि तितक्याच अकस्मात मागे हटते. ध्वनिमुद्रिकेतील हे त्याचे सर्वांत तीव्र वादन आणि तरीही ते गीताच्या मर्यादेत राहते. क्लॅप्टनने पुढे हे गीत 'डेरेक अँड द डॉमिनोज' या समूहाच्या कार्यक्रमांत स्वतः गायिले. तेथे प्रामाणिकपणा आहे. मूळच्या आवाजातील व्याकुळता नाही. 'क्रीम'ला न साधलेली आणि 'ट्रॅफिक'मध्ये अशक्य असलेली गोष्ट या एका गीतात घडली आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दुसऱ्या बाजूवरील 'सी ऑफ जॉय'मध्ये ग्रेचच्या व्हायोलिनला एकदाच मोकळी वाट मिळते. समूहातील सर्वांत कमी प्रसिद्ध वादकाने ध्वनिमुद्रिकेतील एक अत्यंत अनपेक्षित नाद दिला, ही बाब समीक्षकांनी पुरेशी नोंदविलेली नाही.

त्यानंतर 'डू व्हॉट यू लाइक'. बेकरची ही रचना सव्वापंधरा मिनिटे चालते. म्हणजे दुसऱ्या बाजूचा सुमारे तीन चतुर्थांश आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तिने व्यापला आहे. पाच मात्रांचे आवर्तन हा तिचा विशेष. झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन विभागणीस सरावलेल्या श्रोत्याला त्यात अवघड काही वाटणार नाही, परंतु चार मात्रांच्या चौकटीत वावरणाऱ्या रॉक संगीतात ही निवड धाडसी होती. प्रारंभीचा गायनाचा भाग खरोखर वेधक आहे. मग मात्र ऑर्गन, गिटार, बेस आणि ड्रम यांची एकल वादने पाळीपाळीने येतात. प्रत्येक जण आपली वेळ भरून काढतो आणि दुसऱ्याने काय वाजविले याची फारशी दखल घेत नाही. 'क्रीम'च्या 'व्हील्स ऑफ फायर' (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत बेकरच्या 'टोड' या रचनेचे सोळा मिनिटांच्या आसपासचे सादरीकरण आहे. त्याचीच ही सुधारून वाढविलेली प्रत. विरोधाभास असा की, श्रोत्यांना 'सुपरग्रुप'कडून जे हवे होते ते नेमके हेच होते: चार नामवंत, चार एकल वादने, भरपूर वेळ. अपेक्षा येथे पुरेपूर पुरविली गेली आणि संगीत थांबले.

या मतावर एक आक्षेप संभवतो. या गीतावाचून ध्वनिमुद्रिका सत्तावीस मिनिटांचीही भरली नसती. तेव्हा ते केवळ जागा भरण्यासाठी घेतले असेल, तर त्याचा दोष अपेक्षेवर का टाकावा? आक्षेपात तथ्य आहे. परंतु जागा भरण्याची वेळ आली तेव्हा समूहाने भरण म्हणून जुनीच रीत निवडली आणि ती खपेल असा त्यांचा अंदाज होता, हेही तितकेच खरे. विस्तारित आवृत्तीतील दीर्घ अनौपचारिक वादने ऐकली असता स्टुडिओतील पुष्कळ वेळ कशात गेला, हे दिसून येते.

दौरा आणि श्रोते

हाइड पार्कमधील विनामूल्य कार्यक्रमास सुमारे एक लाख लोक आले होते. २००५ साली प्रकाशित झालेल्या त्याच्या चित्रीकरणात समूह बिचकत, हात राखून वाजविताना दिसतो. क्लॅप्टनने पुढे या कार्यक्रमाविषयी असमाधान व्यक्त केले आहे. खरी कसोटी अमेरिकेत लागली. १२ जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौरा सुरू झाला तेव्हा ध्वनिमुद्रिका बाजारात आलेलीच नव्हती. प्रचंड सभागृहांत जमलेल्या श्रोत्यांना नवी गीते ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. त्यांनी 'क्रीम'ची व 'ट्रॅफिक'ची गीते मागितली आणि समूहाने ती दिली. टाळ्या जुन्या गीतांना मिळाल्या. श्रोत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी ज्या नावांसाठी तिकिटे घेतली होती त्या नावांची जुनी ओळखच त्यांना विकण्यात आली होती.

याच दौऱ्यात आधी वाजविणाऱ्या 'डेलनी अँड बॉनी' यांच्या मंडळींत क्लॅप्टन अधिकाधिक रमू लागला, कारण तेथे त्याच्याकडून कोणीच काही अपेक्षित नव्हते. दौरा संपला आणि समूहही संपला. विनवुडने स्वतंत्र म्हणून आरंभिलेले काम 'ट्रॅफिक'च्या 'जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय' (१९७०) मध्ये परिणत झाले. क्लॅप्टनने 'डेरेक अँड द डॉमिनोज' या नावाआड जाऊन 'लायला' (१९७०) ही दुहेरी ध्वनिमुद्रिका केली. आपले नावच झाकून टाकण्याचा हा मार्ग १९६९ च्या अनुभवावरील भाष्य म्हणून वाचता येतो. 'ब्लाइंड फेथ'ने दुसरी ध्वनिमुद्रिका केली असती तर ती कशी झाली असती, ही चर्चा अनेकांनी केली आहे. पहिल्या बाजूचा विस्तार या दोन ध्वनिमुद्रिकांत आधीच विभागून मिळाला आहे, असे उत्तर देता येईल.

त्याच वर्षी मे महिन्यात 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश' यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली होती. तेथेही तिघे वेगवेगळ्या प्रसिद्ध समूहांतून आलेले. पण त्यांनी आधी तीन आवाजांचा मेळ शोधला, गीते लिहिली, ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली आणि मगच मोठ्या मंचांवर पाऊल ठेवले. हा क्रमाचा फरक लहान दिसतो, पण दोन समूहांच्या भवितव्यातील अंतर त्याने बरेचसे उलगडते.

फेब्रुवारी २००८ मध्ये क्लॅप्टन व विनवुड यांनी त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री एकत्र कार्यक्रम केले. २००९ साली निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात १९६९ च्या सहापैकी चार गीते आहेत आणि ती चारही पहिल्या बाजूवरची आहेत. 'डू व्हॉट यू लाइक' नाही. बेकर त्या मंचावर नव्हता, तेव्हा त्याच्या अभावाचा फार अर्थ काढू नये. 'सी ऑफ जॉय'ही त्यात नाही. त्यातील व्हायोलिन वाजविणारा रिक ग्रेच १९९० सालीच निवर्तला होता.